मुंगी, पिठ्या ढेकूण आणि परोपजीवी माशी
खानदेशातील कपाशीच्या संदर्भात जैविक कीडनियंत्रणाचा एक अभ्यास

खानदेशाच्या शेतीत कपाशीला जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही एका पिकाला नाही. तापी, बोरी आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीने हे पीक पिढ्यान् पिढ्या पोसले आहे. बोरीकाठच्या अमळनेरमध्ये कापडगिरणी उभी राहिली, पुढे १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. या गावाचा व्यापार आणि उद्योग भोवतालच्या शेतमालावरच वाढला. अशा पट्ट्यात कपाशीवर एखादी कीड आली की तिचा फटका एका शेतापुरता राहत नाही. मजुराची वेचणी, अडत्याची उलाढाल, सोसायटीच्या कर्जाची फेड, मुलांच्या शाळेचा खर्च या साऱ्यांपर्यंत तो पोचतो.

कीड दिसली की फवारणीचा पंप पाठीवर घ्यावयाचा, ही सवय आता इतकी रुजली आहे की तिच्यातील धोक्याकडे सहसा लक्ष जात नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या दुर्घटनेनंतर एक प्रश्न अधिक गंभीरपणे विचारला जाऊ लागला : निसर्गातच कीड आवरणारी जी व्यवस्था आहे, तिचा उपयोग आपण किती करतो, आणि अजाणतेपणे ती किती मोडतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका अगदी सामान्य प्राण्यापाशी यावे लागते. तो प्राणी म्हणजे मुंगी.

मुंगी : शत्रू की मित्र?

कपाशीच्या झाडावर मुंग्यांची रांग दिसली की झाडाला मुंग्या लागल्या असे म्हणून त्यांच्यावर भुकटी टाकणारे शेतकरी गावोगाव आढळतात. परंतु मुंगी झाडावर का चढली, हे पाहिल्याशिवाय तिच्याविषयी निर्णय देणे योग्य नाही.

कपाशीचे पान उलटून पाहिले तर मुख्य शिरेवर एक लहान खळगा दिसतो. तो मधुपिंड होय. फुलाबाहेर असलेल्या या पिंडातून गोड रस पाझरतो आणि तो चाखण्यासाठी मुंग्या येतात. झाडावर फिरता फिरता त्या पतंगांची अंडी आणि लहान अळ्या उचलून नेतात. म्हणजे झाड मुंगीला थोडी साखर देते आणि मुंगी झाडाची राखण करते. जमिनीत वाळवीचा, म्हणजे उधईचा, नाश करण्यातही मुंग्यांचा वाटा मोठा आहे. वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याचा प्रघात असला तरी ती मुंगीच्या कुळातील नाही. उलट मुंगी हीच तिची प्रमुख वैरी आहे. चीनमध्ये संत्रावर्गीय फळझाडांच्या रक्षणासाठी मुंग्यांची घरटी बागेत आणून टांगण्याची पद्धत होती व तिचा उल्लेख सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या लेखनात सापडतो. जैविक कीडनियंत्रणाचा तो सर्वांत जुन्या दाखल्यांपैकी एक मानला जातो.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड यांसारख्या रस शोषणाऱ्या किडी झाडाचा रस मोठ्या प्रमाणावर पितात आणि त्यातील नको असलेली साखर गोड, चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतात. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात तो हाच. हा गोड द्रव मुंग्यांचे आवडते खाद्य असल्याने त्या अशा किडींची गुराख्याप्रमाणे राखण करतात. त्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात, साचलेला चिकटा साफ करतात आणि प्रसंगी पिलांना उचलून दुसऱ्या झाडावरही नेऊन सोडतात. अशा वेळी मुंगी स्वतः पान कुरतडत नसली तरी तिच्या आश्रयाने कीड वाढते. याखेरीज तांबड्या चावऱ्या मुंग्यांच्या काही जाती पेरलेले बी पळवितात, कोवळी रोपे कुरतडतात आणि निंदणी-वेचणी करणाऱ्या मजुरांना चावून हैराण करतात.

तेव्हा मुंगी एकाच शेतात मित्रही असते आणि शत्रूची पाठराखीणही असते. तिचा सरसकट नाश करणे जितके चुकीचे, तितकेच तिच्याकडे दुर्लक्ष करणेही चुकीचे ठरते.

परोपजीवी व परभक्षी

जैविक कीडनियंत्रणात ज्या कीटकांचा उपयोग केला जातो त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग परभक्षी कीटकांचा. ढालकिडा मावा खातो, क्रायसोपाची अळी फुलकिडे व मावा फस्त करते. एक परभक्षी आपल्या आयुष्यात अनेक किडी खातो. दुसरा वर्ग परोपजीवी कीटकांचा. यांची मादी किडीच्या अंगात, अंगावर किंवा अंड्यात आपले अंडे घालते. त्यातून निघालेली अळी त्या किडीवरच पोसली जाते आणि शेवटी तिचा जीव घेऊन बाहेर पडते. गोचीड किंवा जंत आपल्या यजमानाला सहसा मारत नाहीत. परोपजीवी कीटक मात्र त्याला मारल्याशिवाय राहत नाही. शेतीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व याच गुणात आहे.

व्यवहारात या सर्व परोपजीवी कीटकांना माशी म्हटले जाते. शास्त्रीयदृष्ट्या मात्र खरी माशी ती जिला पंखांची एकच जोडी असते. ट्रायकोग्रामा किंवा एनेसियस हे कीटक गांधीलमाशीच्या गणातील असून त्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. शाळेत हा भेद भिंगाखाली दाखविता येण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात दोन्ही प्रकारच्या माश्यांचा विचार केला आहे.

मुंगीचे शिर पाडणारी माशी

मुंग्यांवर परोपजीवन करणाऱ्या खऱ्या माश्यांचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. दक्षिण अमेरिकेतील सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा या नावाची तांबडी आगमुंगी १९३० ते १९४५ च्या दरम्यान मालवाहू जहाजांतून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील बंदरात उतरली. मूळ देशात तिला आवर घालणारे शत्रू तेथे नव्हते. थोड्याच वर्षांत ती दक्षिणेकडील राज्यांत पसरली. शेतात मातीचे टणक वारूळ, जनावरांना व माणसांना वेदनादायक दंश, रोपांची आणि बियाण्याची हानी, असा तिचा उपद्रव होता.

१९५७ पासून सरकारने विमानांतून हेप्टाक्लोर व डिल्ड्रिन ही विषारी द्रव्ये लाखो एकरांवर टाकली. त्यामुळे पक्षी, मासे आणि पाळीव जनावरे मेली. रेचेल कार्सन या लेखिकेने १९६२ साली आपल्या ग्रंथात या मोहिमेवर कडक टीका केली. पुढे मायरेक्स नावाचे आमिष वापरण्यात आले. तेही १९७८ पर्यंत बंद करावे लागले. या साऱ्या खटाटोपानंतर मुंगी होती तेथेच राहिली. उलट विषाने तिच्याबरोबर स्थानिक मुंग्याही मेल्या आणि रिकाम्या झालेल्या जागेत तीच प्रथम शिरली.

या अनुभवानंतर शास्त्रज्ञ मुंगीच्या मूळ देशाकडे वळले. तेथे स्यूडॅक्टिऑन या वंशाच्या वीसहून अधिक जातींच्या फोरिड माश्या आगमुंग्यांवर परोपजीवन करताना आढळल्या. ही माशी मुंगीच्या डोक्याएवढीच असते. मादी वारुळावर तरंगत राहते, झेप घेऊन निमिषार्धात मुंगीच्या छातीत अंडे टोचते आणि दूर होते. अंड्यातून निघालेली अळी सरकत सरकत मुंगीच्या डोक्यात जाते. दोन-तीन आठवडे मुंगी वरकरणी नेहमीप्रमाणे वावरते. मग एके दिवशी अळीने सोडलेल्या द्रवामुळे डोक्याचा सांधा सुटतो, शिर गळून पडते आणि त्या पोकळ शिरातच माशीचा कोष तयार होतो. आणखी दोन-तीन आठवड्यांनी मुंगीच्या तोंडाच्या बाजूने नवी माशी बाहेर येते.

ही माशी अमेरिकेत आणण्यापूर्वी बंदिस्त प्रयोगशाळेत अनेक वर्षे तिची परीक्षा घेण्यात आली. स्थानिक मुंग्या, मधमाश्या किंवा इतर कीटक यांच्यावर ती जाते काय, शिजविलेल्या अन्नाकडे वा फळांकडे वळते काय, हे तपासले गेले. १९९७ पासून फ्लोरिडा राज्यात ती सोडण्यास सुरुवात झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने सहा जाती तेथे स्थिरावल्या.

या प्रयोगाचे फलित मोजताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. वारुळातील शेकडा तीनपेक्षाही कमी मुंग्या या माशीला बळी पडतात. तिचा खरा परिणाम भीतीचा आहे. माशी घिरट्या घालू लागली की मुंग्या काम सोडून बिळात शिरतात, अन्न गोळा करणे थांबते आणि त्या अवकाशात इतर मुंग्यांना संधी मिळते. आगमुंगी त्यामुळे नाहीशी झालेली नाही. माशी हा अनेक उपायांपैकी एक उपाय आहे, एवढेच अनुभवाने सिद्ध झाले आहे.

परक्या माशीचा मोह

अशी माशी खानदेशात का आणू नये, असा प्रश्न एखाद्या उत्साही ग्रामपंचायत सदस्याने विचारला तर तो स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तीन मुद्द्यांत देता येते.

पहिला मुद्दा असा की, फोरिड माश्या यजमानाच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ असतात. एका जातीच्या आगमुंगीवर जगणारी माशी दुसऱ्या वंशाच्या मुंगीकडे फिरकत नाही. आपल्या शेतातील मुंग्यांच्या अनेक जातींपैकी बहुतेक तिच्या उपयोगाच्याच नाहीत. भारतात शेतीसाठी या माशीच्या वापराची शिफारसही नाही.

दुसरा मुद्दा परक्या कीटकाच्या धोक्याचा आहे. अमेरिकेत १९०६ पासून पतंगांच्या नियंत्रणासाठी युरोपातील कॉम्प्सिल्युरा नावाची परोपजीवी माशी सोडण्यात आली. ती चोखंदळ नव्हती. तिने दीडशेहून अधिक जातींच्या कीटकांवर हल्ला केला आणि तेथील सुंदर रेशीमपतंगांची संख्या अनेक ठिकाणी घटली. सोडलेली माशी परत पिंजऱ्यात घेता येत नाही. म्हणूनच आपल्या देशात कोणताही परदेशी कीटक आणण्यासाठी केंद्र शासनाची परवानगी आणि संगरोधगृहातील तपासणी बंधनकारक आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपल्या कपाशीत मुंगी हा मूळ रोग नसून बहुधा लक्षण असते. मूळ कीड पिठ्या ढेकूण किंवा मावा ही असते, आणि तिच्यासाठी लागणारी माशी आपल्या शेतात आधीच आलेली आहे.

कपाशीवरील पिठ्या ढेकूण

कपाशीवरील पिठ्या ढेकणाचे शास्त्रीय नाव फेनॅकॉकस सोलेनॉप्सिस असे आहे. या नावातच त्याची आणि मुंगीची मैत्री नोंदलेली आहे. १८९८ साली टिन्सली या शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या न्यू मेक्सिको भागात तो प्रथम वर्णिला तेव्हा तो सोलेनॉप्सिस मुंग्यांच्या वारुळात, वनस्पतींच्या मुळांवर सापडला होता.

आपल्या देशात २००५ नंतरच्या दोन-तीन हंगामांत तो गुजरात, पंजाब, हरियाणा व राजस्थान येथील कपाशीवर मोठ्या प्रमाणात दिसू लागला आणि महाराष्ट्रातही पोचला. २००२ साली बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाल्यानंतर बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या होत्या. परंतु रस शोषणाऱ्या किडींना बीटीचा प्रतिबंध नव्हता. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणासारखे पांढरे आवरण असते आणि त्यावरून फवाऱ्याचे थेंब घरंगळून जातात. एक मादी शेकडो पिलांना जन्म देते. ही पिले वारा, पाणी, मजुरांचे कपडे, जनावरे आणि मुंग्या यांच्यामार्फत पसरतात. गाजरगवत, पेटारी, घोळ, जास्वंद, भेंडी यांवर ती तग धरतात. कपाशी निघाल्यावर बांधावरचे तण हेच त्यांचे वसतिस्थान बनते आणि पऱ्हाट्यांचे ढीग शेतात राहिले तर पुढच्या हंगामाचे बीज तेथेच जपले जाते.

प्रारंभी शेतकऱ्यांनी एकामागून एक औषधे बदलून फवारणी केली. परंतु २००८ च्या सुमारास एक वेगळे दृश्य दिसू लागले. पांढऱ्या ढेकणांमध्ये काही ढेकूण तांबूस-तपकिरी, टणक आणि फुगीर झालेले आढळले. त्यांच्यातून एक बारीक काळी माशी बाहेर पडत होती. गांधीलमाशीच्या गणातील हा परोपजीवी कीटक २००९ साली एनेसियस बांबावालेई या नावाने वर्णिला गेला. राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे संचालक डॉ. बांबावाले यांच्या नावावरून हे नाव दिले होते. पुढे हा कीटक अमेरिकेत पूर्वीच वर्णिलेल्या एनेसियस ॲरिझोनेन्सिस या जातीचाच असल्याचे निश्चित झाले. तो कोणी मुद्दाम आणून सोडला नव्हता. आपल्या यजमानामागोमाग तो आपणहून आला. जेथे फवारणी कमी होती तेथे त्याने पिठ्या ढेकणाला लवकर आवर घातला. पुढील काही वर्षांत या किडीचे उग्र रूप ओसरले, त्यात या माशीचा वाटा मोठा आहे.

पपईच्या बाबतीत असेच काम हेतुपूर्वक करण्यात आले. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर येथे आढळला आणि २०१० पर्यंत पुणे परिसरात पोचला. त्या वर्षी बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिको येथून ॲसिरोफॅगस पपाये ही परोपजीवी माशी आणून, तपासून, वाढवून ठिकठिकाणी सोडली. थोड्या काळातच पपईच्या बागा सावरल्या. धुळे, नंदुरबार व जळगाव या पपई पिकविणाऱ्या जिल्ह्यांच्या दृष्टीने हे उदाहरण विशेष मोलाचे आहे. परदेशी कीटक आणावयाचा असेल तर तो कोणी व कसा आणावा, याचाही तो वस्तुपाठ आहे.

मुंगीचा पहारा

एनेसियसची मादी पिठ्या ढेकणावर उतरते, शृंगिकांनी त्याला चाचपते, त्याचे वय व आकार पारखते आणि मगच अंडे घालते. या कामास थोडा निवांतपणा लागतो. झाडावर मुंग्यांचा पहारा असेल तर तो तिला मिळत नाही. मुंगी धावून येते, माशी उडते, पुन्हा येते, पुन्हा हाकलली जाते. दक्षिण चीनमध्ये आगमुंगी आणि कपाशीवरील हाच पिठ्या ढेकूण यांचा अभ्यास झाला तेव्हा मुंग्यांच्या राखणीत माशीचे परोपजीवन घटते आणि ढेकणांची वसाहत वाढते, असे दिसून आले. कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागांत अर्जेंटिना मुंगीमुळे खवले किडीच्या परोपजीवी माश्यांचे काम बिघडते, हा अनुभव तर फार जुना आहे.

मुंगीचा अडथळा आणखी एका ठिकाणी येतो. गुलाबी बोंडअळी व इतर बोंडअळ्यांच्या अंड्यांवर परोपजीवन करणारे ट्रायकोग्रामा आणि त्याच्याच जवळच्या जातीचे कीटक कार्डावर चिकटविलेल्या अंड्यांच्या रूपाने शेतात लावले जातात. ही अंडी तांदळावरील पतंगाची असून एका कार्डावर ती सुमारे २०,००० असतात. कपाशीसाठी हेक्टरी दीड लाख परोपजीवी कीटक सोडण्याची शिफारस प्रचलित आहे. कार्ड लावल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावरची अंडी नाहीशी झालेली दिसली की शेतकरी समजतो, माश्या उडून गेल्या. वस्तुतः कित्येकदा ती अंडी मुंग्यांनी नेलेली असतात. पैसे खर्च झाले, कार्ड लागले, अहवालात नोंदही झाली. शेतात मात्र एकही माशी निघाली नाही. जैविक उपाय निरुपयोगी असतात, हा समज अशा प्रसंगांतूनच पसरतो.

शेतात काय करावे?

मुंगी शत्रूची राखण करते काय, हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे. मुंगीच्या मागे नजर न्यावी. ती पानाखालच्या मधुपिंडापाशी थांबून पुढे जात असेल तर तिला तिच्या मार्गाने जाऊ द्यावे. ती शेंड्याकडे वा देठाकडे जाऊन पांढऱ्या पुंजक्याभोवती रेंगाळत असेल, तर उपाययोजना तेथून सुरू करावी.

कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नयेत. फरदड घेण्याचा मोह टाळावा. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनेही ते आवश्यक आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट केल्याने जमिनीतील वारुळे मोडतात आणि तणांच्या मुळांवर लपलेले ढेकूण उघडे पडतात. बांधावरील गाजरगवत व पेटारी फुलावर येण्यापूर्वी उपटावी. पूर्वहंगामी बागायती कपाशीत हे काम मे महिन्यापूर्वीच झालेले असावे.

हंगामात पिठ्या ढेकणाची सुरुवात बहुधा बांधालगतच्या एक-दोन ओळींत होते. त्या वेळी प्रादुर्भाव झालेले शेंडे पिशवीत गोळा करून घ्यावेत. मात्र ते लगेच जाळू नयेत. त्यांत तांबूस, टणक झालेले ढेकूण दिसले तर शेंडे एका डब्यात ठेवून तोंडावर बारीक जाळी बांधावी. जाळीची छिद्रे अशी असावीत की चिमुकली माशी बाहेर पडेल पण ढेकूण आतच राहील. डबा शेताच्या कडेला सावलीत टांगावा आणि त्याच्या दोरीला ग्रीस लावावे, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. दोन आठवड्यांनंतर उरलेले शेंडे नष्ट करावेत.

तांबूस ढेकूण शेतात मोठ्या संख्येने दिसत असतील तर फवारणी थांबविणे हाच उपाय होय. त्या अवस्थेत फवारणी केली तर मेणाच्या आवरणाखालील ढेकूण वाचतो आणि उघड्यावरची माशी मरते. प्रादुर्भाव वाढत असेल व माशी दिसत नसेल तर प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. हवा दमट असेल तेव्हा लेकॅनिसिलियम या उपयुक्त बुरशीचाही उपयोग होतो. रासायनिक औषधाची गरज भासल्यास ते कृषि विद्यापीठाच्या शिफारशीनुसार, केवळ प्रादुर्भाव झालेल्या झाडांवर आणि संरक्षक कपडे वापरूनच फवारावे.

वारुळाचा बंदोबस्तही ठिकाण पाहून करावा. घराजवळ किंवा रोपवाटिकेत चावऱ्या मुंग्यांचे वारूळ असेल तर त्यात उकळते पाणी ओतणे हा जुना उपाय पुष्कळदा पुरतो. मात्र ते झाडाच्या मुळांपासून दूर असावे. पपई, डाळिंब, लिंबू यांसारख्या झाडांच्या बुंध्यावर कागदाची वा कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीवर लावू नये. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंग्यांना दुसरी वाट मिळते. पट्टीमुळे मुंगी झाडावर चढत नाही आणि मरतही नाही. जमिनीत ती आपले उपयोगी काम करीतच राहते.

ट्रायकोकार्ड लावताना पट्ट्या कापून त्या पानाच्या खालच्या बाजूस टाचाव्यात. माश्या निघण्याची वेळ जवळ आली असतानाच कार्ड शेतात न्यावे, म्हणजे मुंग्यांना अंडी पळविण्यास वेळ मिळत नाही. काम सकाळी किंवा सायंकाळी करावे. ज्या झाडावर मुंग्यांची वर्दळ आहे ते झाड सोडून पुढचे निवडावे. कार्डापूर्वी व नंतर एक आठवडा तरी रासायनिक फवारणी नसावी. तीन-चार दिवसांनी कार्ड भिंगाखाली पाहावे. अंडे काळे पडून त्याला बारीक छिद्र दिसले तर माशी निघाली असे समजावे. अंडेच नसेल तर मुंगीवर संशय घ्यावा.

सामूहिक कामाची गरज

माशीला बांध कळत नाही. एका शेतकऱ्याने फवारणी थांबविली आणि शेजाऱ्याने ती सुरू ठेवली तर दोघांच्याही शेतातील मित्रकीटक टिकत नाहीत. म्हणून हे काम गावपातळीवर होणे आवश्यक आहे, आणि येथेच अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांची भूमिका सुरू होते.

२००९–१० पासून राज्यात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू करण्यात आला. अशा सर्वेक्षणात किडींची संख्या मोजताना मित्रकीटकांची संख्याही मोजली गेली पाहिजे. एका झाडावर दहा ढेकूण आढळले ही अर्धी माहिती झाली. त्यांपैकी किती तांबूस झालेले आहेत हे कळल्याखेरीज सल्ला देता येत नाही. दहांपैकी सहा तांबूस असतील तर तेथे फवारणीचा सल्ला देणे म्हणजे गावाचे नुकसान करणे होय. शेतीशाळेत या मोजणीचा सराव करून घेणे अवघड नाही. मामुराबाद व पाल येथील कृषि विज्ञान केंद्रे आणि धुळे येथील कृषि महाविद्यालय यांची या कामी मदत घेता येईल.

ग्रामपंचायतीने गावठाण, रस्ते आणि पाटचाऱ्यांच्या कडेचे गाजरगवत पावसाळ्याच्या आरंभी काढून घेतले तर पिठ्या ढेकणाचे मोठे आश्रयस्थान नाहीसे होते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. या नोंदवहीत वृक्ष, पक्षी व पारंपरिक बियाणे यांची नोंद होते. मुंग्या, ढालकिडे आणि परोपजीवी माश्या यांचीही नोंद व्हावी. कोणत्या शिवारात कोणत्या महिन्यात कोणते मित्रकीटक दिसतात, याची पाच वर्षांची नोंद गावाला कोणत्याही औषधाच्या जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शाळांचा वाटा याहून वेगळा आणि टिकाऊ आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत, ही गोष्ट शिक्षकांना परिचित आहे. त्याच धर्तीवर एखाद्या शाळेने हंगामभर शिवाराचे साप्ताहिक भित्तिपत्रक चालविले तर विद्यार्थी पान उलटून मधुपिंड शोधतील, काचेच्या बाटलीत तांबूस ढेकूण ठेवून माशी निघण्याची वाट पाहतील आणि तिचे पंख मोजतील. अशा मुलाच्या घरी फवारणीचा निर्णय घेताना एक जाणता डोळा अधिक असेल.

जैविक नियंत्रणाचा अर्थ केवळ बाटलीऐवजी कार्ड विकत आणणे असा नाही. शेतात कोण कोणाला खातो, कोण कोणाची राखण करतो आणि आपल्या हातून कोणाची साखळी तुटते, याचे ज्ञान हा त्याचा पाया आहे. अमेरिकेने आगमुंगीसाठी प्रथम विष वापरले आणि मग माशी शोधली. त्यात चार दशके गेली. खानदेशातील शेतकऱ्याला माशी शोधावयास दूर जावयाचे नाही. ती त्याच्या बांधावर आहे. तिच्या वाटेतील मुंगीचा पहारा उठविणे आणि तिच्यावर विष न टाकणे, एवढी दोन कामे त्याने केली आणि शासकीय यंत्रणेने, पंचायतीने व शाळेने त्याला त्यात साथ दिली, तर कपाशीचा खर्च कमी होईल आणि पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या जिवाची जोखीमही कमी होईल.